बाय आल्यात

ऐन आंब्याच्या दिवसांत मला कांजिण्या आल्या, याचा राग आज ऐंशी ओलांडली तरी माझ्या मनातनं गेलेला नाही. यायच्याच होत्या तर पावसात यायच्या. तेव्हा चार महिने सगळेच घरात बसून असतात, आणखी एकीनं बसलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण नाही. माळ्यावर आंब्याची आढी घातलेली, वहाळाच्या कोंडीत डुंबण्यापुरतंच पाणी उरलेलं, करवंदं काळी पडलेली, फणस तर असे पिकलेले की त्यांचा वास न बोलावता घरात यायचा, आणि अशात मी एका सकाळी उठले ती अंगभर पाण्याचे फोड घेऊन. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, माझं पोलकं वर करून पाठ बघितली. मग ती आत गेली आणि चुलीवर ठेवलेली कढई खाली उतरवली. त्यावरनंच मला कळायला हवं होतं की आता काही दिवस या घरात फोडणीचा आवाज ऐकू येणार नाही.

आमची वाडी नंदिगड्ड्याच्या अलीकडची, चार घरांची, चारी घरं चुलत्यांचीच. खाली भाताची शेतं, वर रान. घर गवतानं शाकारलेलं, भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वरनं शेणमातीनं लिंपलेल्या. घरात अप्पा, अव्वा, मी, आणि अप्पांची थोरली बहीण, आमची आत्ती. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन पावसाळ्यांपूर्वी कुळगीला दिलेली. आत्ती तरणीताठी असतानाच विधवा होऊन परत आलेली. तिच्या तोंडावर मोठ्या देवीचे वण होते, आणि त्याच साथीत तिचं तान्हं लेकरू गेलं होतं, असं अव्वानं मला एकदा हळूच सांगितलं होतं. आत्ती स्वतः त्याबद्दल कधी बोलली नाही. पण देवीचं म्हणून जे काही असेल ते तिच्या हातात. अप्पा घरचे कर्ते खरे, पण आत्तीनं "हे नेमात बसत न्हाई" म्हटलं की अप्पा मुकाट्यानं तंबाखू मळायला बसायचे.

कांजिण्या हे नाव तोंडातनं काढायचं नाही, हा पहिला नेम. "बाय आल्यात" एवढंच म्हणायचं. बाय म्हणजे देवी. ती पाहुणी म्हणून माझ्या अंगात उतरली होती, आणि पाहुणीला आजार म्हटलं तर ती रागावणार नाही का? मग बाकीचे नेम. घरात तेल तापवायचं नाही. मासळी नाही. केस विंचरायचे नाहीत. बाहेरच्यानं आत यायचं नाही आणि जिनं बायना हात लावला, म्हणजे अव्वानं, तिनं नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही. खाजवायचं नाही, खाजवलं तर बाय वण ठेवून जातात. बाय माझ्या अंगात, खाज माझ्या अंगाला, नखं माझी, आणि रागवायचं मात्र त्यांनी. हा कुठला न्याय, असं मी अव्वाला विचारलं तर तिनं माझे दोन्ही हात फडक्यात बांधून ठेवले.

कालपर्यंत "शेवे, मेले, गोठ्यातलं शेण काय तुझा बा काढनार?" म्हणणारी आत्ती दाराशी हात जोडून "बाय, वाईच आंबील घेता?" म्हणायला लागली. पहिल्या दिवशी मला याची फार गंमत वाटली. मी तिला तीन वेळा पाणी आणायला लावलं, चौथ्या वेळी ते गरम आहे म्हणून परत पाठवलं, आणि ती गेली बिचारी. बायनी मागितलेलं नाकारायचं नाही, असाही एक नेम होता ना. मला वाटलं, आता झालं काम. दुसऱ्या दिवशी मी आवाज जरा जड करून आंबा मागितला. आत्तीनं माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली की बाय थंडाव्याच्या, त्या उष्ण काही मागत नाहीत, हे शेवीचं मागणं दिसतंय. खारा बांगडा मागितला तेव्हा तर ती सरळ आंबील घेऊन आली. कुठलं मागणं बायचं आणि कुठलं माझं हे तीच ठरवणार. दहीभात मागितला की बाय, आंबा मागितला की शेवी. अशा देवपणाला काय चुलीत घालायचं? माझ्या जन्मात मी इतकी वैतागले नसेन. नवरा गेला, सुप्यातलं घरदार सोडून रामनगरला आलो, तेव्हा दुःख झालं, पण वैताग असा नाही.

खोलीत अंधार आणि गारवा. भिंतीच्या लिंपणाचा एक पोपडा मी अंगठ्यानं पाडला आणि दोन काठ्यांच्या मधे बोटभर फट केली. तेवढ्यातनं माझा उन्हाळा मला दिसायचा. अंगणात चटईवर कोकमाची सालं वाळत घातलेली, त्याच्या पलीकडं फणसाचं झाड, त्यावर शेकरू फांदीफांदीला लटकत आमच्याच फणसाला भोक पाडून खात बसलेलं. कुणी हाकलायला नाही, कारण ते काम माझं. दुपारी सगळं गप झालं की धनेशाची जोडी घरावरनं जायची, आणि त्यांच्या पंखांचा आवाज सूप पाखडल्यासारखा येई. चुलत्यांची पोरं कोंडीवरनं ओल्या डोक्यानं परत यायची ती मुद्दाम माझ्या फटीसमोर बसून आंबे चोखायची. त्यांना तरी काय बोलणार. माझ्यापायी चारी घरांची मासळी बंद होती आणि चारी घरांचा राग माझ्यावर होता. थोरली काकू रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायची की बिनफोडणीची आमटी गळ्याखाली ढकलायला आता नवा गळा आणावा लागणार.

परवा माझ्या पणतीला कांजिण्या आल्या. डॉक्टरनं लावायला गुलाबी औषध दिलं, ती टीव्ही बघत बसली, आठवड्यात बरी झाली. बरंच झालं. पण तिला कुणी "बाय" म्हटलं नाही आणि तिच्यासाठी कुणाची फोडणी बंद झाली नाही, हे बघून मला उगाच चुटपुट लागली. माणसाला कशाचं काय वाटेल सांगता येत नाही.

आता आक्काचं सांगते, कारण खरी कथा तिचीच. आक्काला दिवस गेले होते, पहिलंच, आणि ती बाळंतपणाला आमच्याकडं यायची होती. तिची सासू कडक. तिच्या स्वतःच्या पहिल्या खेपेला सुईण वेळेवर आली नव्हती, म्हणून तिनं अप्पांना स्पष्ट बजावलं होतं, "बाय घरात येऊन बसल्याबिगर सुनेला धाडनार न्हाई." सुईण एकच, नदीपल्याडची, दहा वाड्यांना पुरी पडणारी. तिलाही सगळे बायच म्हणत. तेव्हा ती येऊन राहिली की अप्पांनी कुळगीला निरोप धाडायचा आणि मग आक्कानं गाडीत बसायचं, असं ठरलेलं. मी दिवस मोजत होते. आक्का गेल्यापासून मला कुणी गोष्ट सांगितली नव्हती की माझ्या बाजूनं कुणी आत्तीशी भांडलं नव्हतं. आणि मग मला ह्या बाय आल्या.

बाय असलेल्या घरात पोटुशीनं पाऊलसुद्धा टाकायचं नाही, हा तर सगळ्यांत कडक नेम. म्हणून आक्कानं इकडं फिरकू नये असा निरोप धाडायला हवा होता. तिसऱ्या दिवशी बसाप्पा गाडीवान वाडीवरनं निघाला. बसाप्पा हल्याळकडचा, कानडी बोलणारा, रानातले बांबू वाहायचा. मराठी त्याला आमच्या अव्वाच्या कानडीइतकीच येत होती, म्हणजे कामापुरती. त्याला दोन कामं सांगितली. एक म्हणजे हल्याळहून कडुलिंबाचा पाला आणायचा, कारण आमच्या पावसाच्या रानात कडुलिंब रुजत नाही आणि बायना त्याच्यावाचून चालत नाही. दुसरं म्हणजे परत येताना कुळगीला निरोप द्यायचा. आता निरोप काय द्यायचा? दुखण्याचं नाव घ्यायचं नाही. पोटुशी लेकीला "येऊ नको" असं म्हणायचं नाही, तो अपशकुन. अप्पांनी बराच विचार केला, आत्तीकडं बघितलं, आणि बसाप्पाला म्हणाले, "घरात बाय आल्यात म्हणून सांग. येवढंच सांग, त्यास्नी कळतंय." बसाप्पानं मान डोलावली आणि बैलांना हाकारलं.

मी आत फडक्यात हात बांधून पडले होते, अकरा वर्षांची होते, आणि तरीही मला वाटलं होतं की आणखी एखादा शब्द घातला असता तर काय जीभ झिजली असती? पण बायचं कोण ऐकतो.

सातव्या दिवशी सकाळी गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. माझी खाज तेव्हा कुठं कमी होत होती, खपल्या धरत होत्या. मी फटीला डोळा लावला. गाडीत पुढं कडुलिंबाचा हा एवढा भारा होता, आणि त्याच्या मागं, पेंढ्यावर, एक हात पोटावर आणि एक हात गाडीच्या दांडीला घट्ट धरून आक्का बसलेली होती. तिचं तोंड धुळीनं आणि उन्हानं पार उतरलेलं. दोन दिवस गाडीचे धक्के खात, मधे सुप्याला मुक्काम करून ती आली होती. त्या सुप्याच्या बाजारावर आज धरणाचं पाणी आहे, पण मला सुपं म्हटलं की आक्काचं ते धुळीचं तोंडच दिसतं. मी ओरडणार होते, तेवढ्यात बाहेर आत्ती ओरडली. गाडीला तिनं फणसाखालीच अडवलं.

मग अंगणात जो गोंधळ झाला तो मी सगळा ऐकला. बसाप्पाची काहीच चूक नव्हती. त्यानं कुळगीला जाऊन सांगितलं, "मन्याग बायी बंदाळंत," घरात बाय आलीय म्हणे. आणि आक्काच्या सासूला जे ऐकायचं होतं तेच तिनं ऐकलं. सुईण आली, वेळ भरत आलीय, आता कशाला थांबायचं? तिनं आक्काची ओटी भरली आणि त्याच गाडीत बसवून दिलं. अप्पा डोक्याला हात लावून ओसरीवर बसले. कानडीत बायी म्हणजे तोंड. आमच्या घरात सगळ्यांनी तोंड मिटून नेम पाळला, त्याचं हे फळ.

परत पाठवायची तर सोय नव्हती, कारण आक्काला गाडीतनं उतरतानाच कळ आली. चुलत्यांच्या घरात न्यावं तर तिथंही दोन पोरांना ताप भरलेला, आणि त्यांच्या आयांनाही तोच नेम. शेवटी तिला खाली खळ्यावरच्या खोपीत नेलं. भात झोडायच्या दिवसांत राखणीला बांधलेली ती गवताची खोप, उन्हाळ्यात रिकामीच. विधवेनं बाळंतिणीपाशी जायचं नाही, म्हणून आत्ती अडलेली. थोरली काकू तिच्यापाशी बसली, पण तिला स्वतःला मूल झालं नव्हतं, ती घाबरून नुसती वारा घालत राहिली. अप्पा सुईणीला आणायला नदीपल्याड निघाले, जाऊन येऊन दिवस मावळणार. आणि दुसऱ्यांची चार बाळंतपणं हातावेगळी केलेली, जिची लेक शंभर पावलांवर कण्हत होती, ती अव्वा माझ्या उशाशी. तिनं मला हात लावलेला. नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

अव्वा रडली नाही. ती माझ्या अंगावर कडुलिंबाची डहाळी इतक्या जोरानं फिरवत होती की पानं माझ्या तोंडावर गळत होती. खोपीतनं आक्काचा आवाज यायचा. ती "अव्वा" म्हणून हाक मारायची. दर हाकेला अव्वा अर्धी उठायची आणि उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या आत्तीकडं बघून परत बसायची. मला आत्तीचा असा संताप आला की सांगता सोय नाही. ती दारात खांबासारखी उभी. आणि वर पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "बाय, काय हवं तुमास्नी? काय हवं आसलं तर बोला जी." मी म्हटलं काही नको. थोडा वेळ गेला, पुन्हा तेच. आक्का बाहेर मरतेय आणि हिला माझ्या दहीभाताची पडलीय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी तोंड फिरवून घेतलं. पाचव्यांदा तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज चढला होता, जणू मीच काही बिघडवलं होतं.

आणि तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. देवीच्या नावानं खोटं बोलायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आत्तीच्या तोंडावरचे वण माझ्यासमोर होते. बाय रागावल्या तर असं तोंड माझंही होईल. आणि ओळखलं तर आत्ती म्हणेल, हे शेवीचं मागणं, आणि मग सगळंच संपलं. शिवाय अव्वा गेली की माझ्यापाशी उरणार कोण? आत्ती. दोन दिवस, दोन रात्री, ती आणि मी. हेही मनात आलं, खोटं कशाला सांगू. मग बाहेर आक्का पुन्हा ओरडली. मी उठून बसले, केस आधीच मोकळे होते ते तोंडावर घेतले आणि जमेल तेवढा जड आवाज काढला.

"अव्वाला सोडा. लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घाला आणि सोडा. तिला खोपीत जाऊ दे. मी राग धरनार न्हाई."

मी केसांच्या आडनं बघत होते. आत्ती माझ्याकडं बघत होती, तेच टक लावून बघणं, आंबा मागितला तेव्हाचं. मग आत्तीनं हात जोडले, जमिनीला डोकं टेकलं, आणि उठून अव्वाला म्हणाली, "ऐकलास न्हवं? बायनी मोकळं केलं. चल, बिगीनं पानी घे अंगावर." बसाप्पानं आणलेला सगळा पाला तिनं घंगाळात कोंबला. ओल्या केसांनी, ओल्या लुगड्यानं अव्वा खळ्याकडं पळाली. चाळिशीच्या पुढची बाई पळताना मी पहिल्यांदाच बघितली, तीही एका फटीतनं.

दिवे लागायच्या सुमारास पोराचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. अप्पा सुईणीला घेऊन पोचले ते नाळ कापायच्या वेळेला. वाडीतल्या पोरांनी "बाय आली, बाय आली" म्हणून ओरडा केला आणि या खेपेला तरी त्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळला. मला आक्का दिसली नाही, पोर दिसलं नाही. मी आत आत्तीच्या हातची आंबील पीत होते आणि ती मला "बाय, आणिक घेता?" विचारत होती. अव्वा खोपीतच राहिली. पुढचे दोन दिवस आत्तीनं माझं सगळं केलं, नीट केलं, आणि एक शब्द जास्तीचा बोलली नाही. मला मात्र झोप लागेना. तिला कळलंय की नाही? बाय रागावल्यात की नाही? भीतीनं मी खाजवायचं सोडून दिलं, तरी डाव्या भुवईच्या वरची एक खपली कधी निघाली कोण जाणे.

नवव्या दिवशी बायना वाटेला लावलं. उन्हात तापवलेल्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं, हळद लावली. पत्रावळीवर दहीभात, वर हळदकुंकू, एक हिरवी बांगडी. आत्तीनं पत्रावळ घेतली, मी तांब्या घेतला, आणि आम्ही दोघी वाडीच्या शिवेवर निघालो. वाट खळ्याच्या वरनं जाते. खोपीत बाळ रडत होतं आणि अव्वा त्याला काहीतरी गुणगुणत होती. आत्ती तिथं थांबली. एरवी देवीच्या कामाला निघालं की ती मागंपुढं बघायची नाही, पण त्या दिवशी चांगली उभी राहिली. मग चालायला लागली आणि शिवेवर पत्रावळ ठेवून, माझ्या हातनं पाणी फिरवून घेऊन, माझ्याकडं न बघताच बोलली.

"बाय कुनाला अव्वा म्हनत न्हाईत, शेवे. सगळं गाव त्यास्नीच अव्वा म्हनतंय."

माझ्या हातातला तांब्या पडायचाच राहिला. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं, पहिल्या शब्दालाच. मी रडायला लागले आणि विचारलं, मग तू ऐकलंस कशाला?

आत्तीनं तांब्या माझ्या हातातनं काढून घेतला. "मी नेम सांगते म्हनून मानसं माझं ऐकत्यात," ती म्हणाली. "नेम मोडा म्हनले आसते तर कोन ऐकलं आसतं? ते बायनीच बोलायला पायजे हुतं. म्हनून तर दारात हुबी ऱ्हाऊन सारखी विचारत हुते, काय हवं, काय हवं. पाच येळा विचारलं. तुला कळंचना." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जोरानंच पुसलं, आणि भुवईवरचा तो ताजा वण बोटानं चाचपून बघितला. "लई उशीर केलास गं, शेवे. माझा जीव जायची पाळी आली हुती."

मग तिनं ओच्यातनं एक आंबा काढला आणि माझ्या हातात दिला.